सिस्टरांचा शनिवार-रविवार

मावळात रविवार हा सुट्टीचा दिवस नाही. शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबईकडून बोरघाट चढणाऱ्या आणि पुण्याकडून तळेगाव ओलांडणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते ती रविवारी रात्री उशिरापर्यंत हटत नाही. हॉटेलवाले, चिक्कीवाले, रिक्षावाले, कणसं भाजणाऱ्या बायका, वाहतूक पोलीस, सगळ्यांचा आठवडा या दोन दिवसांवर उभा असतो. या यादीत कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या सिस्टरचं नाव मात्र सहसा कुणी घेत नाही.

३० जून २०२४ हा रविवार होता. भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ हाही रविवारच. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली आणि त्यांना तळेगाव-सोमाटणे परिसरातल्या रुग्णालयांत हलवावं लागलं. वेळ दुपारची, म्हणजे सकाळच्या पाळीचा हँडओव्हर होऊन दुपारची पाळी नुकती स्थिरावलेली. एवढी माणसं एकदम दारात येतात तेव्हा कुणाला आधी आत घ्यायचं, कुणाची नाडी पाच मिनिटांनी पुन्हा बघायची, सलाईनचे सेट कुठून आणायचे, बाहेर आक्रोश करणाऱ्या आईशी कुणी बोलायचं, हे ठरवायला बैठक घेता येत नाही. ते आधीच ठरलेलं असावं लागतं. हे ‘आधीच’ म्हणजे नेमकं कधी, आणि ते ठरवायला परिचारिकांना वेळ कुणी देतं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचं एक उत्तर याच मावळात मिळतं. लोणावळा-खंडाळ्याच्या निवासी केंद्रांत वर्षभर कुणाकुणाची शिबिरं चालू असतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेलं कैवल्यधाम आहे, मनशक्ती केंद्र आहे, खंडाळ्याला ख्रिस्ती धर्मगुरूंची मौनसाधनेची घरं आहेत, आणि आता असंख्य रिसॉर्टं. बँकांचे अधिकारी येतात, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, डॉक्टरांच्या संघटना तर नेहमीच येतात. परिचारिकांची व्यावसायिक संघटना दोन दिवस निवासी बैठक घेते तेव्हा मात्र ‘सिस्टरांची पिकनिक निघाली’ असं म्हणणारे लोक रुग्णालयातच भेटतात. डॉक्टरांच्या परिषदेला कुणी पिकनिक म्हणत नाही. हा भेद मला फार खुपतो, म्हणून या दोन दिवसांत काय चालतं ते सविस्तर सांगायला हवं.

पहिला अडथळा ड्युटी लिस्टचा. शनिवार-रविवार सलग मोकळा मिळणं हे परिचारिकेच्या आयुष्यात सणासारखं दुर्मीळ. त्यासाठी आधीच्या आठवड्यात डे ऑफ सोडायचा, कुणाशी तरी नाईट बदलून घ्यायची, इन्चार्ज सिस्टरांना विनवायचं. शिबिराला पोचलेल्या प्रत्येकीच्या मागे न आलेली एक जण असते, जी तिची पाळी करत असते. पुणे-लोणावळा लोकलमधून उतरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात नाईट संपवून थेट शिवाजीनगरला गाडी पकडलेल्या दोघी-तिघी सहज ओळखू येतात, कारण त्या मळवलीपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या असतात. आता या घोळक्यात ब्रदरही असतात. आणि पुण्याच्या खाजगी रुग्णालयांत अर्धं आयुष्य घालवलेल्या केरळच्या सिस्टर असतात, ज्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून बोलून मराठीत कुणाला ऐकणार नाहीत अशा पटाईत झालेल्या असतात.

दुसरा अडथळा फोनचा. बैठकीत फोन बंद ठेवा म्हणून सांगितलं तरी वॉर्डातून विचारणा येतच राहते. औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे दिली, इंडेंट बुक कुठे आहे, बारा नंबरच्या पेशंटच्या रक्ताची पिशवी सांगून ठेवली होती का. बाहेर व्हरांड्यात जाऊन हलक्या आवाजात उत्तरं दिली जातात. ज्या पेशात माणूस डोंगरावर येऊनही वॉर्ड सोडू शकत नाही, त्या पेशाला विचार करायला मुद्दाम जागा काढावी लागते.

आत चालतं ते असं: वर्षाचा जमाखर्च, सभासद वर्गणी कितीजणींनी भरली आणि कितीजणींनी नाही, १२ मेचा परिचारिका दिन कसा साजरा करायचा, सतत शिक्षणाचे कार्यक्रम कुठल्या विषयांवर घ्यायचे. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी या शिक्षणाचे तास लागतात, त्यामुळे ही शेवटची बाब प्रत्येकीच्या पोटाशी जोडलेली असते. जमाखर्चावर अर्धा तास, १२ मेवर तासभर. खरं बोलणं रात्री जेवणानंतर सुरू होतं, पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात पोटात गेल्यावर, जेव्हा कुणी अध्यक्ष नसतं आणि कुणी सचिव नसतं. तेव्हा कळतं की एका वॉर्डात रात्री दोघींवर किती खाटा होत्या.

हे नुसतं गाऱ्हाणं नाही. परिचारिकांचा पेशा भारतात आज जसा आहे तो मोठ्या प्रमाणात अशा बैठकांतूनच घडला. १९०५ मध्ये लखनौला काही युरोपीय नर्सिंग सुपरिंटेंडेंट एकत्र आल्या आणि त्यांनी आपली संघटना केली. १९०८ मध्ये मुंबईच्या वार्षिक परिषदेत ट्रेंड नर्सेस असोसिएशनची कल्पना पुढे आली, १९१० च्या फेब्रुवारीत संघटनेचं मासिक निघालं, १९१२ मध्ये ती परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेशी जोडली गेली. त्या बैठकांत गोऱ्या मेट्रन होत्या आणि वॉर्डातल्या देशी मुली नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. पण त्यांनी एक मागणी लावून धरली, ती नोंदणीची. शिकलेली परिचारिका कोण आणि न शिकलेली कोण, हे सरकारी पुस्तकात लिहिलेलं असलं पाहिजे. मद्रासने १९२६ मध्ये हे केलं, मुंबई प्रांताने १९३५ मध्ये कायदा केला. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्ट आला, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा.

पुण्यात याच्या समांतर दुसरी एक गोष्ट घडत होती आणि मला ती जास्त जवळची वाटते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या विधवा, परित्यक्ता, गरीब घरच्या मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण मिळावं यासाठी त्यांनी खटपट केली, वसतिगृह काढलं. त्या काळच्या सोवळ्या घरातली बाई परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणार, रात्री घराबाहेर राहणार! आज आपण ‘सिस्टर’ म्हणून जी हाक मारतो तिच्यामागे त्या पहिल्या मुलींनी सोसलेले टोमणे आहेत. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले मुंढव्याकडून आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला त्याच आजाराने गेल्या. पुण्याच्या परिसरात शुश्रूषेचा इतिहास लिहायचा तर तो तिथून सुरू करावा लागेल, आणि परिचारिकांच्या शिबिरात फ्लोरेन्स नाईटिंगेलबाईंच्या तसबिरीशेजारी सावित्रीबाईंची तसबीर असावी असं मला मनापासून वाटतं.

नाईटिंगेल यांच्याबद्दलही आपण अर्धंच सांगतो. दिवा घेतलेली बाई एवढंच चित्र. त्या कधी भारतात आल्या नाहीत, तरी भारतातल्या पाण्यावर, गटारांवर, दुष्काळावर त्यांनी अनेक वर्षं लिहिलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सभासद करून घेतलं, त्या तिथल्या पहिल्या स्त्री सभासद. क्रिमियातल्या लष्करी रुग्णालयांत जखमांपेक्षा रोगाने किती सैनिक मेले हे त्यांनी आकड्यांत मांडलं, रंगीत आकृत्या काढल्या आणि सरकारसमोर ठेवल्या. दिव्यामुळे नव्हे, त्या आकड्यांमुळे बराकी बदलल्या. १२ मेला मेणबत्ती हातात धरून शपथ घेताना याची आठवण कुणी करून देत नाही.

डोंगराकडे पाहिलं तर शिबिर ही गोष्टही मावळात काही नवी नाही. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की डावीकडे कार्ल्याची आणि उजवीकडे भाज्याची लेणी आहेत, पवन मावळाच्या अंगाला बेडसे. व्यापारी घाटवाटेवरच्या या लेण्यांत भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. कार्ल्याच्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. पुढे सातवाहनांच्या काळातल्या आज्ञेतही ते गाव येतं. बसून विचार करणाऱ्यांच्या जेवणाची सोय कुणीतरी विचारपूर्वक लावून दिली होती. आजच्या सिस्टर स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या रजेतून हे दोन दिवस काढतात. रुग्णालयांनी ही रजा कामावरची रजा धरावी, एवढी साधी मागणीही अनेक ठिकाणी कागदावरच असते.

आणि त्याच बौद्ध परंपरेत शुश्रूषेचा एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू बुद्धाला दिसतो. कुणी त्याची काळजी घेत नसतं. बुद्ध आणि आनंद त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात, आणि मग संघाला आजाऱ्यांच्या शुश्रूषेचा नियम घालून दिला जातो. चांगल्या शुश्रूषकाचे गुण विनयपिटकात मोजून दिले आहेत: औषध तयार करता यावं, पेशंटला काय चालतं आणि काय चालत नाही हे कळावं, लोभाने नव्हे तर मायेने करावं, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस नसावी, आणि वेळोवेळी धीर देणारं बोलता यावं. चरकानेही परिचारकाचे चार गुण सांगितले त्यात उपचाराचं ज्ञान आणि हाताची दक्षता आधी येते, माया आणि स्वच्छता त्यांच्या जोडीने. म्हणजे हे कसबाचं काम आहे हे आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. मधल्या काळात आपण ते ‘बाईच्या अंगचंच असतं’ म्हणून स्वस्त केलं. अंगचंच असेल तर त्याला पगार कशाला, संख्या कशाला, बैठक कशाला!

या सगळ्याच्या मुळाशी आहे संख्या. १९४६ च्या भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचं नोंदवलं होतं. तिथून आपण फार पुढे आलो. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि आणखी ५८ लाख कमी पडतात, आणि ही तूट आपल्यासारख्या देशांत जास्त आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, साध्या रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि रजेसाठी वर ३० टक्के राखीव. हा निकष नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पाठ असतो. परीक्षेत लिहून गुण मिळतात. मग पहिल्या नाईटला त्या वॉर्डात येतात आणि खाटा मोजतात.

रात्रपाळीतला फरक कागदावर दिसत नाही. तीस खाटांचा वॉर्ड दोघींनी सांभाळायचा म्हणजे एकीने औषधांची ट्रॉली घेऊन फिरायचं आणि दुसरीने नव्या ॲडमिशनजवळ थांबायचं. मधेच कुणाचा श्वास बिघडला तर ट्रॉली जागेवरच राहते. दोन वाजताचं इंजेक्शन तीनला जातं. कूस न बदललेल्या म्हाताऱ्या बाईच्या पाठीला लालसर डाग पडतो, पुढे तो खोल जखम होतो. हे निष्काळजीपणाने होत नाही, हातांच्या हिशोबाने होतं. मावशी आणि मामा कमी असले तर तेही काम सिस्टरकडेच येतं. आणि काही बिघडलं की पहिली नोटीस तिला.

म्हणून मला त्या रात्रीच्या गप्पा शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. तिथे प्रत्येकीला आपल्या रुग्णालयातली संख्या तोंडपाठ असते. पण रविवारी सकाळी ठराव लिहायची वेळ आली की त्यात ‘परिचारिकांच्या विविध समस्यांवर सखोल चर्चा झाली’ एवढंच वाक्य उरतं. आकडे व्हरांड्यातच राहतात. नाईटिंगेलबाईंच्या नावाने पेशा चालवणाऱ्यांकडून हे व्हायला नको.

सामूहिक शब्दाला किती वजन येऊ शकतं हे याच राज्यातल्या परिचारिकांनी दाखवून दिलंय. परळच्या केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्या मुली त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांनी त्यांना भरवलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. दयामरणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, रोज अंग पुसणाऱ्या हातांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आवाज मिळाला ही लहान गोष्ट नव्हती. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र पन्नास वर्षांनीही तसाच आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तो परिचारिकांनाही लागू आहे, पण रात्री दोन वाजता वॉर्डाच्या दाराशी पहारेकरी आहे की नाही हे कायद्याच्या पुस्तकात बघून कळत नाही.

कोविडने थोडा वेळ सगळ्यांचे डोळे उघडले होते. राज्यातले पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये पुण्याच्या नायडू रुग्णालयात आले, आणि त्याच महिन्यात तिथल्या एका सिस्टरांना पंतप्रधानांनी फोन करून मराठीत विचारपूस सुरू केली. त्या दिवसांत टाळ्याही वाजल्या. दोन वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर उतरल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या संपाचं कारण विचारलं?

आता मावळाच्या आतल्या बाजूला जाऊ. लोणावळ्याच्या सभागृहातून खाली दिसणारा रस्ता म्हणजे सगळं मावळ नव्हे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तीन खोऱ्यांत वाड्या-वस्त्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आहेत, टाटांच्या आणि पवनेच्या धरणांच्या पाण्यापलीकडे. तिथे ‘नर्सबाई’ म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. कागदावर तीन हजार माणसं सपाटीतल्या पाच हजारांपेक्षा कमी, पण मधे ओढा असतो, चढण असते, भातलावणीच्या दिवसांत चिखल असतो. लसीची पेटी खांद्याला लावून बाळंतिणीपर्यंत जाणारी ही बाई मला अशा शिबिरांत फार क्वचित दिसली. तिला तीन दिवस आधी कळवून चालत नाही. तिच्या उपकेंद्राला बदली माणूस नसतं, आणि तिच्या प्रश्नांची भाषा शहरातल्या अतिदक्षता विभागाच्या भाषेहून वेगळी असते. संघटना तिच्याच तालुक्यात येऊन बसते आणि तिला बोलावत नाही, हे मला मान्य नाही. दोन दिवसांतली एक दुपार तरी कामशेतच्या किंवा वडगावच्या एखाद्या खोलीत, तिच्या सोयीच्या वेळेला, घेता येईल.

दुसऱ्या टोकाला परदेश आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांनाही मागणी आहे. पुण्यात नर्सिंगच्या मुली ड्युटीनंतर जर्मनच्या वर्गाला धावतात. त्यांनी जाऊ नये असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. इथे कंत्राटावर तुटपुंजा पगार आणि तिथे माणसासारखं वेळापत्रक, तर कोण थांबेल? पण दहा वर्षं अनुभवाची सिस्टर गेली की तिच्याबरोबर नव्या मुलीला रात्री शिकवणारी व्यक्ती जाते. हा खर्च कुठल्याच करारात लिहिलेला नसतो.

आणि आता नियमांचं घरच बदलत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा मंजूर झाला. १९४७ च्या कौन्सिलची जागा आयोग घेणार, आणि राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे आहेत. जुन्या परिषदांत काही जागा परिचारिकांच्या मतदानाने भरल्या जात, नव्या रचनेत भर नेमणुकांवर आहे. निवडून जाण्याची वाट अरुंद झाली की संघटनेने तयार केलेला पुरावा हाच तिचा आवाज राहतो. व्हरांड्यातल्या आकड्यांना म्हणूनच आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे.

त्या दृष्टीने अशा दोन दिवसांतून एक काम सहज निघू शकतं, कुणाच्याही परवानगीशिवाय. एक कागद, चार रकाने: रात्रीची तारीख, वॉर्डातल्या खाटा, प्रत्यक्ष रुग्ण, हजर परिचारिका. नाव पेशंटचं नाही, सिस्टरचं नाही, रुग्णालयाचंही नाही, फक्त सरकारी की खाजगी आणि तालुका कोणता. उपकेंद्रासाठी वेगळा कागद, त्यात चाललेलं अंतर आणि केलेल्या भेटी. हा कागद मेट्रनबाईंनी ऑफिसात बसून भरायचा नाही, नाईट करणाऱ्या सिस्टरनेच पहाटे हँडओव्हरच्या आधी भरायचा. अर्धा मिनिट लागेल. दिवाळीनंतर सुरुवात केली तर मावळापासून मुंबईपर्यंतच्या सभासदांकडून मे महिन्यापर्यंत हजारो रात्री जमा होतील. आणि १२ मेला मंत्रिमहोदय भाषणाला आले की पुष्पगुच्छाच्या जागी ती वही त्यांच्या हातात द्यावी, पहिल्या पानावर पाचांमागे एक हा निकष लिहून.